मुंबई ते मालवण: एसटी, फेरीबोट आणि तिथीची पाऊणकी

मालवणला जायचं तर रात्री दादरला गाडीत बसावं आणि सकाळी कुडाळला उतरावं, हे मलाही कळतं. पण यंदा माघ वद्य पंचमीला मी आणि हे, असे दोघं मुंबईहून किनारा धरून निघालो आणि नवव्या दिवशी संध्याकाळी मालवणात पोचलो. सगळा प्रवास एसटी, फेरीबोट आणि मधूनमधून मिनीडोर, म्हणजे मोठी शेअर रिक्षा. स्वतःची गाडी नाही, आगाऊ बुकिंग फक्त दोन रात्रींचं. परत आल्यावर बिल्डिंगमधल्या तिघी-चौघींनी ‘आम्हाला नीट लिहून दे’ म्हणून मागे लागून लिहून घेतलं, ते हे.

एक गोष्ट आधीच सांगते. या किनाऱ्यावर दोन वेळापत्रकं चालतात, एक समुद्राचं आणि एक एसटीचं. ‘काय काय बघायचं’ याची यादी करून निघालात तर दोन्हीकडून मार खाल. आधी ही दोन समजून घ्या, यादी आपोआप होते.

समुद्राचं वेळापत्रक

माझं माहेर दापोली तालुक्यातलं. वडील खाडीपलीकडच्या शाळेत मास्तर होते आणि रोज तरीतून, म्हणजे खाडी ओलांडणाऱ्या होडीतून जात. ओहोटीला ती धक्क्याला लागत नसे, मग धोतर वर करून चिखल तुडवावा लागे. त्यामुळे घरात घड्याळाआधी तिथी बघायची सवय. त्यांचा हिशोब सोपा होता: तिथीची पाऊणकी म्हणायची. चतुर्थी असेल तर चार पाऊण तीन, म्हणजे तीनच्या सुमाराला पूर्ण भरती, पहाटेही आणि दुपारीही. त्याच्यापुढे सहा तास मोजले की ओहोटी. अष्टमीला आठ पाऊण सहा, म्हणजे सहाला भरती आणि भर दुपारी बाराला ओहोटी. शुद्ध असो की वद्य, हिशोब तोच. मुंबई-रायगडच्या किनाऱ्याला तो अर्ध्या-पाऊण तासाच्या फरकाने बरोबर येतो. दक्षिणेकडे जाल तशी भरती थोडी आधी येते. आता मोबाईलवर भरती-ओहोटीचे तक्ते मिळतात, जरूर बघा. पण दोन महिने आधी कॅलेंडरसमोर उभं राहून सुट्टी ठरवायची असेल तर पाऊणकीसारखं दुसरं काही नाही.

याचा उपयोग पहिल्याच दिवशी होतो, कारण अलिबागच्या कुलाबा किल्ल्यात ओहोटीला चालत जाता येतं. अमावास्या-पौर्णिमेला उधाण असतं. पाणी खूप मागे जातं, पण ओहोटी येते पहाटे नाहीतर तिन्हीसांजेला. अष्टमीच्या पुढेमागे ओहोटी सोयीच्या वेळी असते, पण ती भांगाची. पाणी पुरतं हटत नाही, मांड्या भिजतात. म्हणून निघायला तृतीया ते षष्ठी धरायची. आमची पंचमी होती: पाच पाऊण पावणेचार, म्हणजे पावणेदहाच्या सुमाराला ओहोटी. नऊला आम्ही पाण्यात उतरलो तेव्हा घोटे बुडत होते, परत आलो तेव्हा तळवेसुद्धा जेमतेम भिजले. नियम एवढाच: ओहोटी पुरी लागायच्या तासभर आधी निघायचं आणि पाणी फिरलं की पाऊण तासाच्या आत किनाऱ्यावर यायचं. किल्ल्यात सावलीला बसून डबा खायचा मोह होतो, तो आवरा. आणि अनवाणी जाऊ नका. वाळू आहे तिथे ठीक, पण मधल्या खडकांवर कालवं चिकटलेली असतात, ब्लेडसारखी. यांनी चपला हातात घेतल्या आणि पुढचे तीन दिवस टाचेला पट्टी लावून फिरले. जुन्या रबरी सँडल हव्यात, ओल्या झाल्या तरी चालतील अशा. वेळ चुकलीच तर होडी किंवा घोडागाडी असते, पैसे मात्र जास्त जातात.

आत गणपतीचं देऊळ आहे, शेजारी गोड्या पाण्याचं तळं, आणि उत्तरेच्या तटावर गाड्यावर चढवलेल्या दोन इंग्रजी तोफा. कान्होजी आंग्र्यांचं हे मुख्य ठाणं, १७२९ साली ते गेले आणि त्यांची समाधी अलिबाग गावातच आहे. एसटी स्टँडवर परत जाताना वाट थोडी वाकडी केलीत की झालं.

मुंबईहून अलिबागला यायचे समुद्रावरचे मुख्य दोन रस्ते आहेत. गेटवेहून मांडव्याची बोट, साधारण तासाभराची, आणि तिच्या तिकिटातच मांडव्याहून अलिबागपर्यंतची बस धरलेली असते. पहिली बोट पकडली की नऊच्या आत अलिबाग. दुसरा रस्ता स्वस्त: भाऊच्या धक्क्याहून रेवसची लाँच आणि पुढे एसटी. लाँचला वेळ जास्त लागतो, पण टोपल्या, कोंबड्या, गावच्या गप्पा सगळं त्यात येतं. ओहोटी गाठायची असेल तर गेटवे, नसेल तर भाऊचा धक्का. पावसाळ्यात हा विचारच सोडा. तेव्हा गेटवेच्या बोटी बंद, जंजिरा आणि सिंधुदुर्गच्या होड्याही बंद. दिवाळी ते होळी हा खरा हंगाम.

एसटीचं वेळापत्रक

एसटीची वेळ फलकावर लिहिलेली असते हे खरं, पण फलक पूर्ण खरं सांगत नाही. खेड्यातल्या बऱ्याच फेऱ्या शाळा-कॉलेजच्या मुलांसाठी असतात. रविवारी आणि सुट्टीत त्या धावत नाहीत. गणपतीत, आषाढीला, निवडणुकीला गाड्या दुसरीकडे वळवतात. आम्हाला एका स्टँडवर चौकशी खिडकीतून ‘साडेपाचची आहे’ असं ठणकावून सांगितलं. होती खरी, पण सोमवार ते शनिवार. तो रविवार होता. पावणेसात वाजले तेव्हा शेजारी भाजी विकणारी बाई म्हणाली, “आज कुठं यायची ती?” रिक्षाला ६०० रुपये गेले. दोघांच्या दिवसभराच्या जेवणाला जेवढे लागले नव्हते तेवढे. तेव्हापासून मी दोन ठिकाणी विचारते, एकदा खिडकीत आणि एकदा स्टँडवरच्या चहावाल्याला, आणि प्रश्न असा विचारते: “आज येणार का?”

आता खरी युक्ती. प्रत्येक टोकाच्या गावाला एक वस्तीची गाडी असते. संध्याकाळी डेपोतून निघते, गावात मुक्काम करते, ड्रायव्हर-कंडक्टर तिथेच झोपतात आणि पहाटे तीच गाडी माघारी जाते. दिवसातल्या बाकीच्या फेऱ्या रद्द होतील, ही सहसा होत नाही, कारण पहाटे तालुक्याला जाणारं दूध, मासळी, दवाखान्याची माणसं सगळी तिच्यावर अवलंबून. म्हणून आडगावात शिरायचं ते वस्तीच्या गाडीने आणि निघायचंही तिच्याच पहाटेच्या फेरीने. कंडक्टरशी दोन शब्द बोलून ठेवले की सकाळी गाडी सुटायच्या आधी तो एकदा इकडेतिकडे बघतो. एवढी ओळख पुरते.

तिकिटाचं म्हणाल तर १७ मार्च २०२३ पासून बायकांना एसटीत अर्धं तिकीट आहे, सगळ्या प्रकारच्या गाड्यांना. ६५ ते ७५ वयाच्या ज्येष्ठांना अर्धं, ७५ च्या पुढे फुकट. वयाच्या पुराव्याला आधार कार्ड जवळ हवं. हे ६२ चे, त्यामुळे प्रत्येक गाडीत ‘एक फुल, एक महिला’ असं म्हणताना त्यांचा चेहरा बघण्यासारखा होई. ‘आवडेल तेथे प्रवास’ हा चार किंवा सात दिवसांचा पास आहे, पण तो लांब पल्ल्याच्या माणसांना. आपण किनाऱ्याने रोज जेमतेम साठ-सत्तर किलोमीटर जाणार आणि मधल्या फेरीबोटींना तो चालत नाही. साधं तिकीट काढत जाणंच स्वस्त. सुट्टे पैसे मात्र भरपूर ठेवा. पहाटेच्या गाडीत ५०० ची नोट काढलीत तर कंडक्टर तिकिटाच्या पाठीवर बाकी लिहून देतो आणि मग उतरेपर्यंत आपला जीव त्या कागदात.

जंजिऱ्यापासून बाणकोटपर्यंत

अलिबाग ते मुरूड साधारण पन्नास किलोमीटर. गाडीत उजव्या हाताची खिडकी धरा. रेवदंड्याचा पोर्तुगीज कोट, पूल ओलांडला की कोर्लईचा डोंगर आणि मग काशीदचा किनारा, हे सगळं त्या बाजूला. कोर्लई गावात अजून पोर्तुगीजमधून घडलेली एक बोली बोलली जाते. वेळ असेल तर उतरा, पण पुढची गाडी विचारूनच.

मुरूडला मुक्काम केलात तर सकाळी राजपुरीहून जंजिऱ्याची पहिली होडी मिळते. शिडाची होडी असते, माणसं भरली की सुटते. किल्ल्यात थोडाच वेळ देतात, पाऊण तास वगैरे, आणि होडीवाला हाका मारायला लागतो. म्हणून आत गेल्यावर तोफांसमोर फोटो काढत बसू नका. आधी मोठ्या तळ्यापाशी जा, मग वर चढून पश्चिमेच्या तटावरून समुद्र बघा, कलालबांगडी तोफ येताना बघता येते. शुक्रवारी दुपारी नमाजाच्या वेळी होड्या थांबतात. तटावरून समोर कासा बेटावरचा पद्मदुर्ग दिसतो, जंजिऱ्याच्या सिद्दीवर वचक ठेवायला शिवाजी महाराजांनी बांधलेला. तिथे शेअर होडी नसते, आख्खी करावी लागते. मी पूर्वी एकदा ग्रुपबरोबर गेले होते तेव्हा एक गोष्ट बघितली, ती विसरत नाही. खाऱ्या वाऱ्याने तटाचे दगड आत आत झिजलेत आणि त्यांच्यामधला चुना तसाच उभा आहे. लांबून भिंत मधाच्या पोळ्यासारखी दिसते. दहाबारा जणांचा ग्रुप असेल तर खर्च करा, दोघांनी नको.

आगरदांड्याहून दिघीला फेरीबोट जाते. ही खाडी रस्त्याने वळसा घालून पार करायची तर अर्धा दिवस जातो, बोटीने काही मिनिटं. इथे एक छोटी गोष्ट लक्षात ठेवा, पुढच्या प्रत्येक जेट्टीवर कामाला येईल: बोट टेकायच्या आधी पायी माणसांनी पुढच्या फळीपाशी जाऊन उभं राहायचं. मागे राहिलात तर मोटारसायकली आणि गाड्या आधी निघतात, आणि वर चढून जाईपर्यंत एकुलती एक मिनीडोर भरून गेलेली असते. दिघीत आम्ही नेमके मागे राहिलो, चाळीस मिनिटं उन्हात बसलो.

दिघीहून बोर्ली पंचतन आणि तिथून श्रीवर्धन. या भागात बोर्ली हा जंक्शनसारखा आहे, दिवेआगरला जायचं तरी तिथूनच. श्रीवर्धन हे पेशव्यांचं मूळ गाव, बाळाजी विश्वनाथ इथले. डेपोही इथेच आहे, त्यामुळे मुक्कामाला बरं. हरिहरेश्वरची प्रदक्षिणा ओहोटीलाच होते. आमच्या दिवशी सप्तमी, सात पाऊण सव्वापाच, म्हणजे अकराच्या पुढे ओहोटी. आरामात झाली. भरतीत त्या खडकांवर उतरलेली माणसं जिवाला मुकली आहेत. पाटी लावलेली आहे, वाचा.

हरिहरेश्वरहून बागमांडला जवळच. तिथून फेरीबोटीने सावित्रीची खाडी ओलांडून वेसवी. पलीकडे टेकाडावर बाणकोटचा हिंमतगड. कित्येक वर्षं अर्धवट राहिलेल्या पुलाचे खांब बोटीतून दिसतात. सागरी महामार्गाचे पूल होतील तेव्हा गाडीवाल्यांची सोय होईल, मला त्यात फार आनंद नाही.

वेसवीहून वेळासला संध्याकाळी पोचलो. नाना फडणवीसांचं गाव, पण आता लोक येतात कासवांसाठी. ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ने २००२ पासून इथे ऑलिव्ह रिडलेची अंडी जपायला सुरुवात केली आणि गाव त्यात सामील झालं. फेब्रुवारीच्या पुढे पिल्लं निघतात आणि सकाळ-संध्याकाळ समुद्रात सोडतात. निघतीलच असं नाही, हे मनाशी धरून जा. आमच्या संध्याकाळी टोपलीखाली एकच पिल्लू निघालं. ऐंशी-नव्वद माणसं दोरीमागे श्वास रोखून, आणि ते पिल्लू चार पावलं टाकून थांबायचं. लाटेने तीनदा परत आणून टाकलं. चौथ्यांदा गेलं तेव्हा कुणीतरी टाळी वाजवली आणि गावातल्या एका मुलाने त्याला गप्प केलं. गावात घराघरांतून राहायची-जेवायची सोय आहे. इथे आणि मुरूडला मात्र आधी फोन करून ठेवा. बाकी ठिकाणी शनिवार-रविवार टाळला तर स्टँडवर उतरून खोली मिळते.

सुवर्णदुर्ग आणि पुढच्या खाड्या

पहाटेच्या गाडीने मंडणगड, मंडणगडहून दापोली, दापोलीहून हर्णै. नकाशात केळशी-आंजर्ल्यावरून किनाऱ्याचा रस्ता जवळचा दिसतो, पण त्यावर सलग एसटी मिळायची मारामार. डेपोच्या गावाला जाऊन परत यायला दुप्पट किलोमीटर पडतात आणि तरी लवकर पोचता. एसटीने फिरताना नकाशातलं अंतर बघायचंच नाही, डेपो बघायचे.

सुवर्णदुर्गाला हर्णैहून होडी. आठदहा माणसं जमली की सुटते, म्हणून आम्ही सकाळी बंदरावर जाऊन नुसते बसून राहिलो. कराडचं एक कुटुंब आलं, त्यांच्यात घुसलो. किल्ल्याला धक्का नाही, गुडघाभर पाण्यात उडी मारून वाळूवर जायचं. त्या रबरी सँडल इथेही लागतात. दरवाजाच्या पायरीवर कासव कोरलेलं आहे आणि तटावर मारुती. आत झाडी माजली आहे, पायवाट सोडू नका. संध्याकाळी हर्णैचा मासळीचा लिलाव बघा. बघाच फक्त. विकत घेऊन करणार काय? मासे खायचे तर खानावळीत ‘सुरमई आहे का’ असं विचारू नका, ‘आज काय आलंय’ असं विचारा. बांगड्याचं किंवा मांदेलीचं ताट सुरमईच्या निम्म्यात मिळतं आणि ताजं असतं. घरगुती खानावळीत जेवायचं तर सकाळी दहाच्या आत सांगून ठेवायला हवं. आयत्या वेळी गेलात तर वरणभात मिळेल, तोही कपाळाला आठी घालून.

दाभोळ-धोपावे फेरी, मग गुहागर. तिथे एक रात्र नुसती नारळाखाली झोपून काढली, त्याचं वर्णन करण्यासारखं काही नाही. गुहागरहून तवसाळ, तवसाळ-जयगड फेरी, तिथून मालगुंडवरून गणपतीपुळे. गुहागर-तवसाळ हा या प्रवासातला सगळ्यात कच्चा दुवा आहे. गाड्या मोजक्याच. आदल्या संध्याकाळी गुहागर डेपोत जाऊन विचारा आणि सकाळचीच धरा. पुळ्याहून रत्नागिरीला गाड्या सारख्या आहेत, आरे-वाऱ्यावरून जाणारी मिळाली तर रस्ता सुंदर.

रत्नागिरीत थिबा राजवाडा आणि टिळकांचं जन्मघर अर्ध्या दिवसात होतं. ब्रह्मदेशाचा राजा थिबा १९१६ साली इथेच वारला. विजयदुर्गाला गावातच डेपो आहे, ही केवढी सोय! किल्ल्यात शिरायला होडी लागत नाही, स्टँडवरून चालत. याच बंदरात १७५६ साली इंग्रजांनी तुळाजी आंग्र्यांचं आरमार जाळलं. संध्याकाळी उन्हं कलल्यावर तटावर जा, दुपारी दगड भाजतात.

विजयदुर्ग ते मालवण आम्हाला उभ्याने जावं लागलं. दुसऱ्या दिवशी महाशिवरात्र, कुणकेश्वरची जत्रा, सगळा तालुका गाडीत. चूक माझी. तिथी बघून ओहोटी काढली, जत्रा काढायची राहिली.

सिंधुदुर्गाला मालवणच्या धक्क्यावरून सकाळच्या पहिल्या होडीने जा, नंतर सहली येतात. कुरटे बेटावर १६६४ ते १६६७ या काळात बांधलेला हा किल्ला. दरवाजा अगदी जवळ जाईपर्यंत दिसत नाही, तटाची वळणं अशी घातली आहेत. आत दूधबाव, साखरबाव, दहीबाव या विहिरी, चहूबाजूंनी खारं पाणी आणि यांचं गोड. किल्ल्यात अजून माणसं राहतात, त्यांच्याकडे कोकम सरबत घ्या आणि चार शब्द बोला.

खर्च: दोघांचा, नऊ रात्रींचा, परतीसकट २२,००० च्या आसपास. यातले प्रवासाचे चार हजारसुद्धा नाहीत. यांचं एसटीचं सगळं तिकीट मिळून हजाराच्या आत-बाहेर, माझं त्याच्या निम्मं. खोल्या बिनएसीच्या, हजाराच्या आसपास. बाकी पोटात.

परतीला मालवण-कुडाळ एसटी आणि कुडाळहून मांडवी एक्सप्रेस, जनरलच्या तिकिटावर. दिवसाची गाडी आहे म्हणून यांनी धडपड करून डाव्या हाताची खिडकी पकडली, समुद्र दिसेल म्हणून. कोकण रेल्वे आतून जाते, समुद्र काही दिसत नाही, हे मी त्यांना रत्नागिरी गेल्यावर सांगितलं.